लिनक्स लॅपटॉपवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर: बसवण्याचा क्रम, तपासण्या आणि अडल्यास उपाय

एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवल्यावर स्क्रीन काळी झाली, किंवा ड्रायव्हर बसला पण चालतच नाही, अशा अवस्थेतला लॅपटॉप उघडून पाहिला की बहुतेक वेळा एकच चित्र दिसते. मूळ अडचण लहान असते: सिक्युअर बूटची (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणाऱ्या सुरक्षेची) किल्ली नोंदवायची राहिलेली असते, किंवा त्या चिपला न चालणारे पॅकेज निवडलेले असते. पण तो दोष न ओळखताच वर कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल चढवलेली असते, तिच्यावर कुठूनतरी उचललेली सेटिंगची फाइल ठेवलेली असते, आणि मग नेमक्या कोणत्या उपायाने काय बिघडले हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी दिली आहे. तिचे उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही, तर पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

येथील पायऱ्या उबंटू २२.०४ आणि २४.०४ समोर ठेवून लिहिल्या आहेत. लिनक्स मिंटवरही त्या थोड्या फरकाने लागू होतात. लॅपटॉपात इंटेल किंवा एएमडीची अंतर्गत ग्राफिक्स चिप आणि जोडीला एनव्हिडियाची स्वतंत्र चिप आहे, असे गृहीत धरले आहे. ज्यांच्याकडे केवळ इंटेल किंवा एएमडीची चिप आहे, त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आधीच असतो आणि त्यांनी यातले काहीही करण्याची गरज नाही.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहाव्यात. आडव्या रेघा आणि मोकळ्या जागा दाखवल्याप्रमाणेच ठेवाव्यात.

## टप्पा १: चिप नेमकी कोणती, हे ओळखणे

लॅपटॉपच्या खोक्यावरचे नाव पुरेसे नसते. टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय -के’ ही कमांड द्यावी आणि आलेल्या लांब यादीत ‘एनव्हिडिया’ शब्द असलेली ओळ शोधावी. येथे पहिली चूक होते. अनेक जण केवळ ‘व्हीजीए’ असलेली ओळ पाहतात, तेथे इंटेल दिसते आणि ‘माझे कार्डच सापडत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. प्रत्यक्षात पुष्कळ लॅपटॉपांत एनव्हिडियाची चिप ‘थ्रीडी कंट्रोलर’ या नावाखाली येते, कारण स्क्रीन थेट तिला जोडलेली नसते.

त्या ओळीत चौकटी कंसातील विक्रीच्या नावाआधी एक सांकेतिक नाव असते, उदाहरणार्थ ‘जीपी१०८एम’ आणि त्यापुढे ‘जीफोर्स एमएक्स२५०’. या सांकेतिक नावाची पहिली दोन अक्षरे वहीत लिहून ठेवावीत, कारण कोणता ड्रायव्हर चालेल हे तीच ठरवतात. विक्रीची नावे फसवी असतात. एमएक्स३५० आणि एमएक्स४५० ही नावे ऐकायला सख्ख्या भावंडांसारखी आहेत, पण पहिली चिप ‘जीपी’ घराण्यातली आणि दुसरी ‘टीयू’ घराण्यातली आहे.

‘जीके’ असल्यास ४७० ही शेवटची आवृत्ती आहे. तिचा आधार संपलेला आहे आणि नव्या कर्नलवर ती त्रास देते, म्हणून साधे कार्यालयीन काम असेल तर कर्नलमधला मुक्तस्रोत ‘नूव्हो’ ड्रायव्हरच राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जीएम’ किंवा ‘जीपी’ असल्यास, म्हणजे ९४०एमएक्स, जीटीएक्स १०५०, एमएक्स१५०, एमएक्स२५० अशा चिपांना, ५८० ही शेवटची शाखा आहे. ‘टीयू’, ‘जीए’ आणि ‘एडी’ यांना नव्या आवृत्त्या चालतात. ‘जीबी’ म्हणजे आरटीएक्स ५० मालिका. तिला नावाच्या शेवटी ‘-ओपन’ असलेलेच पॅकेज लागते.

सावधान: ‘-ओपन’ पॅकेज ‘टीयू’ आणि त्यानंतरच्या चिपांसाठीच आहे. ते ‘जीएम’ किंवा ‘जीपी’ चिपवर कोणतीही तक्रार न करता बसते, आणि रीस्टार्टनंतर मात्र कार्ड सापडत नसल्याचा संदेश येतो. ‘ओपन’ म्हणजे अधिक चांगले असे समजून ते निवडू नये.

तपासणी: चिपच्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असे लिहिलेले असते. तेथे आत्ता काय दिसते, तेही टिपून ठेवावे. ‘एनव्हिडिया’ दिसत असेल तर ड्रायव्हर आधीच चालू आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. थेट टप्पा ६ पाहावा.

## टप्पा २: पूर्वतयारी

चार्जर जोडलेला असावा, इंटरनेट अखंड असावे आणि हाताशी निदान तासभर असावा. उद्या सकाळी परीक्षा किंवा सादरीकरण असेल तर आज रात्री हे काम काढू नये.

सर्वप्रथम प्रणाली पूर्ण अद्ययावत करावी: ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’, आणि त्यानंतर रीस्टार्ट. हा रीस्टार्ट टाळू नये. नवा कर्नल उतरलेला आहे पण लॅपटॉप अजून जुन्याच कर्नलवर चालतो आहे, अशा अवस्थेत ड्रायव्हर बसवला तर पुढची प्रत्येक तपासणी दिशाभूल करते. रीस्टार्टनंतर ‘यूनेम -आर’ देऊन चालू कर्नलचा क्रमांक लिहून घ्यावा.

मग ‘मोकुटिल --एसबी-स्टेट’ देऊन सिक्युअर बूट चालू आहे की बंद, हे पाहावे. चालू असेल तर चालूच ठेवावे. टप्पा ५ त्यासाठीच आहे. ‘आधी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने काम होतेही, पण त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि तिची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आधी न पाहता बायोसमध्ये बदल केलेले लोक स्वतःच्याच फायलींबाहेर अडकतात.

‘/बूट’ हा वेगळा विभाग असेल तर ‘डीएफ -एच /बूट’ देऊन त्यात जागा आहे का ते पाहावे. तो भरलेला असेल तर बूटसाठी लागणारी फाइल अर्धवट लिहिली जाते आणि दोष मात्र ड्रायव्हरच्या माथी येतो. टाइमशिफ्ट हा प्रणालीची प्रत जपणारा प्रोग्राम असेल तर एक स्नॅपशॉट (त्या क्षणीची प्रत) घ्यावा. ते प्रणालीच्या फायली जपते, आपली कागदपत्रे नाहीत, म्हणून कागदपत्रांची प्रत वेगळी काढावी.

तपासणी: पुढे जाण्याआधी परतीची वाट एकदा चालून पाहावी. लॅपटॉप चालू करताना कंपनीचे चिन्ह गेल्याबरोबर एस्केप एकदा दाबावे म्हणजे ग्रबचा (कोणती प्रणाली किंवा कर्नल सुरू करायचा हे विचारणाऱ्या प्रोग्रामचा) मेन्यू येतो; अधिक वेळा दाबले तर मेन्यूऐवजी ग्रबची कमांड ओळ येते, तेव्हा रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करावा. लॉगिननंतर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून केवळ अक्षरांची स्क्रीन येते का, आणि तेथे आपल्या नावाने लॉगिन होते का, हेही पाहावे. या दोन्ही गोष्टी आज जमल्या तर उद्याची काळी स्क्रीन घाबरवणार नाही.

## टप्पा ३: जुने अवशेष काढणे

नव्या लॅपटॉपवर हा टप्पा दोन मिनिटांचा आहे. ज्यांनी आधी दोन-तीन प्रयत्न केले आहेत, त्यांच्यासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाचा हाच.

1. कंपनीच्या संकेतस्थळावरून ‘रन’ प्रकारची फाइल उतरवून चालवली असेल, तर प्रथम ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ द्यावे. पॅकेजे काढण्याआधीच ही पायरी करावी, कारण त्या फाइलने ठेवलेल्या गोष्टी ॲप्टला (पॅकेजे बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या प्रोग्रामला) माहीतच नसतात.

2. मग ‘सुडो ॲप्ट पर्ज "^एनव्हिडिया-.*" "^लिबएनव्हिडिया-.*" "^लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया-.*"’ द्यावे. ‘होय’ म्हणण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी शेवटपर्यंत वाचावी. त्यात डेस्कटॉपचे मुख्य पॅकेज दिसले तर ‘नाही’ म्हणून थांबावे.

3. ‘/ईटीसी/एक्स११’ या फोल्डरमध्ये ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ नावाची फाइल आहे का पाहावे (फोल्डरच्या नावातला एक्स मोठा आहे). असल्यास तिचे नाव बदलून ठेवावे. दोन चिपांच्या लॅपटॉपवर या फाइलची सहसा गरज नसते, आणि एकच चिप असलेल्या डेस्कटॉपसाठी लिहिलेली अशी फाइल येथे ठेवली की लॉगिनच्या जागी काळी स्क्रीन येते.

4. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल उघडून त्यात ‘नोमोडसेट’ हा शब्द कायमचा लिहून ठेवला आहे का ते पाहावे. उबंटू प्रथम बसवताना स्क्रीन येत नाही म्हणून तो शब्द टाकला जातो आणि तसाच विसरला जातो. हा शब्द एनव्हिडियापुरता नाही. तो इंटेलच्या चिपलाही स्क्रीनचा ताबा घेऊ देत नाही, आणि लॅपटॉपची स्क्रीन तर बहुधा तिच्याच हातात असते. तो काढून फाइल जतन करावी आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यावे.

तपासणी: रीस्टार्ट करून पुन्हा ‘एलएसपीसीआय -के’ पाहावे. आता एनव्हिडियाच्या चिपखाली ‘नूव्हो’ दिसावे. अगदी नव्या चिपवर ती ओळ नसली तरी चालेल. तेथे अजूनही ‘एनव्हिडिया’ दिसत असेल तर सफाई अपुरी आहे.

## टप्पा ४: ड्रायव्हर बसवणे

‘उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ ही कमांड आपल्या चिपला चालणाऱ्या पॅकेजांची यादी देते आणि एकापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिते. ते नाव टप्पा १ मधील आपल्या नोंदीशी ताडून पाहावे. ‘-सर्व्हर’ शेवट असलेली पॅकेजे गणनकेंद्रांतील यंत्रांसाठी असतात. लॅपटॉपसाठी ती घेऊ नयेत. नोंद आणि शिफारस जुळत असेल तर ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ द्यावे. ठरावीक आवृत्ती हवी असेल तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनव्हिडिया-ड्रायव्हर-५८०’ असे नाव घेऊन बसवावे. टर्मिनल नको असेल त्यांना हेच काम ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीतून करता येते. मिंटमध्ये तिचे नाव ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आहे.

कंपनीची ‘रन’ फाइल का नको, याचे कारण साधे आहे. वितरणाच्या पॅकेजांतून आलेला ड्रायव्हर कर्नल बदलला की सोबत बदलतो आणि सिक्युअर बूटची सहीही सांभाळतो. ‘रन’ फाइलच्या बाबतीत ही दोन्ही कामे आपल्या अंगावर येतात.

सिक्युअर बूट चालू असेल तर बसवण्याच्या मध्येच पासवर्ड मागणारी चौकट येऊ शकते. हा लॉगिनचा पासवर्ड नव्हे. केवळ पुढच्या एका रीस्टार्टपुरता तो वापरला जातो. लांबी ८ ते १६ अक्षरे असावी आणि त्यात लहान इंग्रजी अक्षरे व आकडे यांखेरीज काही नसावे, कारण पुढच्या निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो आणि विशेष चिन्हे भलत्याच जागी सापडतात. जे मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्टचा कीबोर्ड लावून ठेवतात, त्यांनी या चौकटीआधी तो इंग्रजीवर आणावा. टाइप केलेले दिसत नसल्याने चूक येथे कळत नाही, ती रीस्टार्टनंतर कळते.

तपासणी, रीस्टार्टच्या आधी: ‘मॉडइन्फो एनव्हिडिया’ द्यावे. फाइलचा पत्ता आणि आवृत्ती दिसली तर मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग) तयार आहे. ‘मॉड्यूल एनव्हिडिया नॉट फाउंड’ आले तर रीस्टार्ट करू नये. चालू कर्नलच्या हेडर फायली (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या) नसण्याची शक्यता अधिक आहे. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-’ याला जोडून ‘यूनेम -आर’ ने दिलेले पूर्ण नाव लिहावे आणि मग तपासणी पुन्हा करावी.

येथे ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. कर्नलनुसार मॉड्यूल बांधून देणारी ती व्यवस्था आहे, पण उबंटू अनेकदा आधीच बांधलेले आणि कॅनॉनिकलची (उबंटूमागच्या कंपनीची) सही असलेले मॉड्यूल देते. तेव्हा या कमांडचे उत्तर रिकामे येते, पासवर्डची चौकटही येत नाही, आणि त्यात काहीही बिघडलेले नसते.

## टप्पा ५: निळी स्क्रीन आणि किल्लीची नोंद

पासवर्ड ठरवला असेल तर रीस्टार्टनंतर उबंटूऐवजी निळी स्क्रीन येते. कोणतीही कळ दाबण्यासाठी ती १० सेकंद थांबते आणि मग निघून जाते. चहा ठेवायला उठलेला माणूस परत येतो तेव्हा नेहमीचे लॉगिन समोर असते आणि किल्ली नोंदवायची राहिलेली असते. म्हणून या रीस्टार्टच्या वेळी समोरच बसावे.

1. कोणतीही कळ दाबावी. मेन्यूत ‘कंटिन्यू बूट’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. घाईत एंटर दाबला तर नोंद हुकते. बाणाने खाली येऊन ‘एनरोल मोक’ निवडावे (मोक म्हणजे लॅपटॉपच्या मालकाने नोंदवलेली किल्ली).
2. ‘कंटिन्यू’ निवडावे आणि विचारल्यावर ‘येस’ म्हणावे.
3. ठरवलेला पासवर्ड टाइप करावा. स्क्रीनवर काहीही दिसणार नाही, हे अपेक्षित आहे.
4. ‘रीबूट’ निवडावे.

स्क्रीन हुकली असल्यास सगळे पुन्हा बसवण्याची गरज नाही. ‘सुडो मोकुटिल --इम्पोर्ट /वार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर’ द्यावे (पत्त्यातील पहिले ‘मोक’ लहान अक्षरांत, फाइलच्या नावातले दुसरे मोठ्या अक्षरांत), नवा पासवर्ड ठरवावा आणि रीस्टार्ट करून वरील पायऱ्या कराव्यात.

## टप्पा ६: खरोखर चालते आहे का

‘एनव्हिडिया-एसएमआय’ द्यावे. चिपचे नाव, तापमान आणि मेमरी यांचा तक्ता आला तर ड्रायव्हर चालू आहे. तक्त्यात कुडाची (एनव्हिडियाच्या चिपवर गणना करण्याच्या व्यवस्थेची) जी आवृत्ती दिसते, ती या ड्रायव्हरला चालणारी कमाल आवृत्ती असते; कुडाची साधने बसलेली आहेत असा तिचा अर्थ नव्हे.

आता ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ द्यावे. ‘ऑन-डिमांड’ हे उत्तर बहुतेकांना योग्य असते: स्क्रीन इंटेल सांभाळते आणि सांगितलेल्या प्रोग्रामसाठीच एनव्हिडिया कामाला लागते. सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स’पुढे इंटेलचे नाव पाहून ‘ड्रायव्हर चालत नाही’ असे समजणारे फार आहेत, आणि त्यापायी नीट चाललेली प्रणाली ते पुन्हा उकरतात. खात्री करण्यासाठी ‘मेसा-युटिल्स’ हे पॅकेज बसवून ‘प्राइम-रन जीएलएक्सइन्फो -बी’ चालवावी (बी मोठा) आणि ‘ओपनजीएल रेंडरर’च्या ओळीत एनव्हिडिया दिसते का पाहावे. ब्लेंडरसारखा प्रोग्रामही त्याच्या नावाआधी ‘प्राइम-रन’ लिहून सुरू करता येतो.

## टप्पा ७: अडल्यास

स्क्रीन काळी आहे. प्रथम कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबून पाहावे. अक्षरांची स्क्रीन आली तर कर्नल सुस्थितीत आहे; टप्पा ३ मधील ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ आणि ‘नोमोडसेट’ पुन्हा तपासावे. तीही आली नाही तर ग्रबच्या मेन्यूत उबंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबावे, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहावे आणि एफ१० दाबावे. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, आणि तो तसाच असावा. आत आल्यावर टप्पा ३ पासून सुरुवात करावी.

‘एनव्हिडिया-एसएमआय’ म्हणते की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही. हा संदेश कारण सांगत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. आधी ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ पाहावे. उत्तर ‘इंटेल’ असेल तर एनव्हिडिया जाणूनबुजून बंद ठेवलेली आहे. ‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ देऊन रीस्टार्ट करावे. तसे नसेल तर ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ द्यावे आणि आलेली ओळ अक्षर न् अक्षर वाचावी. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणजे किल्ली नोंदलेली नाही, टप्पा ५. ‘नॉट फाउंड’ म्हणजे मॉड्यूल बांधलेलेच नाही. टप्पा ४ ची तपासणी. ‘नो सच डिव्हाइस’ आले, किंवा ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने ‘नो डिव्हायसेस वेअर फाउंड’ म्हटले, तर बहुधा पॅकेज आणि चिप यांची जोडी चुकली आहे; टप्पा १.

‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ असा संदेश येतो. पार्श्वभूमीत अपडेट झाले आहे, जुने मॉड्यूल अजून मेमरीत आहे. रीस्टार्ट पुरतो. येथे ड्रायव्हर काढून पुन्हा बसवणे ही निव्वळ स्वतःहून ओढवलेली मेहनत आहे.

बाहेरचा मॉनिटर दिसत नाही. अनेक लॅपटॉपांत एचडीएमआयची खाच एनव्हिडियाच्या चिपला जोडलेली असते. ‘इंटेल’ अवस्थेत ती मुकी राहते, ‘ऑन-डिमांड’ करावे.

मॉड्यूल बांधतानाच त्रुटी येते. ‘/वार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया’ या फोल्डरमध्ये, आवृत्तीच्या नावाखाली ‘बिल्ड’मध्ये ‘मेक.लॉग’ ही फाइल असते. तिच्या शेवटच्या ओळी केवळ अपयश कळवतात, म्हणून वरून खाली येत ‘एरर’ हा शब्द प्रथम जेथे येतो ती ओळ शोधावी. उबंटू २२.०४ वर ६.५ कर्नल आला तेव्हा नेमके हेच घडले होते. कर्नल जीसीसी (कोडपासून प्रोग्राम बांधणारे साधन) १२ ने बांधलेला होता, लॅपटॉपांत जीसीसी ११ होता, आणि लॉगमध्ये एक न ओळखलेला पर्याय असल्याची तक्रार दिसत होती. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी-१२’ एवढ्यावर काम भागत होते, तरी असंख्य लोकांनी ड्रायव्हरच्या आवृत्त्या बदलत रात्री घालवल्या.

काल चालत होते, कर्नल अपडेटनंतर आज नाही. ग्रबमध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडून आधीचा कर्नल चालू करावा; उबंटू तो ठेवतेच. त्यावर काम सुरळीत चालले तर ड्रायव्हर निर्दोष आहे आणि नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार झालेले नाही. जुन्या कर्नलवरूनच नव्याचे हेडर बसवावेत, त्यानंतर ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के’ पुढे नव्या कर्नलचे पूर्ण नाव लिहावे, आणि ‘मॉडइन्फो -के’ पुढे तेच नाव व शेवटी ‘एनव्हिडिया’ लिहून फाइलचा पत्ता आला तरच नव्या कर्नलवर जावे. तयार मॉड्यूल वापरणाऱ्यांसाठी ही डीकेएमएसची पायरी लागू नाही. त्यांनी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’ देऊन नव्या कर्नलचे मॉड्यूल पॅकेज येईपर्यंत जुन्याच कर्नलवर काम चालू ठेवावे.